तीन कुळे, एक मासा

समुद्राच्या पृष्ठभागापासून 1000 मीटरच्या खाली सूर्यप्रकाशाचा अंशही पोहोचत नाही आणि तिथून 4000 मीटरपर्यंत पसरलेला अंधारा, थंड, अन्नाच्या बाबतीत दरिद्री असा जलस्तर पृथ्वीवरील सजीवांच्या सर्वांत विस्तीर्ण वसतिस्थानांपैकी एक असूनही तेथील बहुसंख्य माशांना त्यांच्या घरी जिवंत कोणी पाहिलेले नाही. दर 10 मीटर खोलीमागे साधारण एका वातावरणाइतका दाब वाढत जातो, म्हणजे 2000 मीटरवर माशाच्या अंगावर सुमारे 200 वातावरणांचा भार असतो; अशा ठिकाणाहून जाळ्यात आलेला मासा जहाजाच्या फळीवर पोहोचेपर्यंत बहुधा मेलेला, कातडी सोललेली, पर मोडलेले अशा अवस्थेत असतो. तो काय खातो, कसा पोहतो, कोणाशी जोडी जमवतो यांविषयी त्याचे शरीर सांगेल तेवढेच कळते. म्हणून खोल समुद्रातील माशांचे वर्गीकरण हे इतर कोणत्याही पृष्ठवंशी प्राण्यांच्या वर्गीकरणापेक्षा शरीररचनेच्या अभ्यासावर, म्हणजे शारीरावर, अधिक विसंबून राहिले आहे. हा आधार कुठे तोकडा पडला आणि तरीही अखेरचा निवाडा त्याच्याकडेच कसा आला, हे समजून घेण्यासाठी व्हेलफिश या माशांच्या उलगड्याइतके बोलके उदाहरण मत्स्यविज्ञानात दुसरे क्वचितच सापडेल.

या विषयातील तीन संज्ञा प्रथमच स्पष्ट केलेल्या बऱ्या. परस्परांत प्रजनन करून वंश चालवू शकणाऱ्या प्राण्यांचा गट म्हणजे जाती. निकटचे नाते असलेल्या जातींचा गट म्हणजे प्रजाती. आणि अशा प्रजातींना एकत्र धरणारा त्याहून मोठा गट म्हणजे कूळ. एखाद्या माशाची जाती ठरवताना अभ्यासक पराला आधार देणारे काटे आणि मऊ काड्या, ज्यांना अर म्हणतात, ते मोजतो. पाठीच्या कण्यातील मणके मोजतो. कल्ल्यांच्या कमानींवरील दात्यांची संख्या व आकार पाहतो. आणि पाण्याची हालचाल टिपणाऱ्या, कुशीवरून शेपटीकडे जाणाऱ्या ज्ञानेंद्रियांच्या ओळीचा, म्हणजे पार्श्वरेखेचा, मार्ग तपासतो. यांपैकी मणक्यांची संख्या विशेष भरवशाची मानली जाते, कारण ती भ्रूणावस्थेत फार लवकर ठरते आणि पुढे मासा कितीही वाढला, कितीही बदलला, तरी तीत सहसा फरक पडत नाही.

हाडे पाहायची तर मासा फाडावा लागतो, असा समज असला तरी लहान आणि दुर्मीळ माशांच्या बाबतीत ते परवडत नाही. क्ष-किरण छायाचित्र ही एक सोय. पण तिच्याहून अधिक सांगणारी पद्धत म्हणजे नमुना पारदर्शक करून त्याचा सांगाडा रंगवणे. प्रथम अल्शियन ब्लू या निळ्या रंजकाने कूर्चा, म्हणजे मऊ हाड, रंगवतात. मग स्वादुपिंडातील ट्रिप्सिन या विकराने मांसातील प्रथिने हळूहळू विरघळू देतात. त्यानंतर अलिझारिन रेड या रंजकाने कठीण हाडे लाल होतात आणि शेवटी मासा ग्लिसरिनमध्ये ठेवला की मांस काचेसारखे नितळ होऊन आतला सांगाडा लाल-निळ्या रेषांत जागच्या जागी उभा राहतो. या पद्धतीने तयार केलेला बोटभर मासा सूक्ष्मदर्शकाखाली धरला असता जबड्याचे कोणते हाड कोणत्या हाडाशी सांधलेले आहे, कोणती कूर्चा अजून हाडात बदललेली नाही, कल्ल्यांच्या कोणत्या कमानीला दात आहेत, हे सारे एकही हाड न हलवता वाचता येते.

किती बारीक खुणेवर किती मोठे नाते उभे राहते, हे पाहायचे तर मराठी वाचकाला फार लांब जायला नको. कोकण किनाऱ्यावरच्या प्रत्येक बाजारात मिळणारा बोंबील हा उथळ पाण्यातील मासा आहे; पण त्याचे वर्गीकरण ज्या गणात, म्हणजे कुळांच्या मोठ्या गटात, होते, त्याच गणात खोल समुद्राच्या तळावर परांच्या तीन लांब काड्यांवर तिपाईसारखा उभा राहणारा ट्रायपॉड मासाही येतो. बाह्यरूप पाहून या दोघांना कोणी सोयरे म्हणणार नाही. या गणाची ओळख पटवणाऱ्या खुणांपैकी महत्त्वाची खूण कल्ल्यांच्या सांगाड्यात दडलेली आहे : दुसऱ्या कमानीच्या वरच्या हाडाला एक लांब प्रवर्ध, म्हणजे हाडाचाच बाहेर वाढलेला फाटा, फुटलेला असतो आणि तो मागे जाऊन तिसऱ्या कमानीच्या घशालगतच्या हाडाला भिडतो. ही खूण डोन रोझेन या अमेरिकी अभ्यासकाने 1973 मध्ये मांडली आणि पुढे कॅरोल बाल्डविन व डेव्हिड जॉन्सन यांनी 1996 मध्ये या गणाचा सविस्तर फेरआढावा घेतला. यांतील डेव्हिड जॉन्सन हे वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेचे मत्स्यशास्त्रज्ञ होते आणि ज्या व्हेलफिशांविषयी पुढे सांगायचे आहे, त्यांच्या उलगड्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

बोंबलाच्याच प्रजातीतील, पण खोल पाण्यात राहणाऱ्या एका जातीचे वर्णन 1891 मध्ये आल्फ्रेड अल्कॉक यांनी केले. अल्कॉक हे ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावर शल्यवैद्य आणि प्रकृतिवैज्ञानिक म्हणून नेमलेले होते. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांतून त्यांनी जमवलेल्या खोल पाण्यातील माशांची वर्णनात्मक सूची कोलकात्याच्या इंडियन म्युझियमने 1899 मध्ये प्रसिद्ध केली. हिंदी महासागराच्या खोल पाण्यातील माशांवर आजही काम करणाऱ्याला ती सूची उघडावी लागते, कारण जातीचे नाव ज्या मूळ नमुन्यावर बेतलेले असते, त्या प्ररूप नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय कोणतीही ओळख पक्की धरली जात नाही.

शारीराच्या आधारे ओळख पटवताना एक गृहीतक नकळत धरले जाते : ज्यांची शरीरे वेगळी, ते प्राणी वेगळे. प्राण्याची वाढ सरळ होत असेल, म्हणजे पिल्लू मोठे होऊन आईबापांसारखेच दिसत असेल, तर हे गृहीतक चालते. पण डिंभ, म्हणजे अंड्यातून बाहेर पडलेले आणि प्रौढाहून निराळ्या बांधणीचे पिल्लू, रूपांतर होऊन प्रौढ बनत असेल, किंवा नर आणि मादी यांच्या बांधणीतच जमीन-अस्मानाचा फरक असेल, तर हे गृहीतक अभ्यासकाला चकवते. खोल समुद्रात या दोन्ही गोष्टी सर्रास घडतात. तेथील बहुतेक माशांची पिल्ले वरच्या 200 मीटरांतील अन्नसंपन्न पाण्यात वाढतात आणि मोठी होताना खाली उतरतात. दोन जगांत जगायचे तर दोन प्रकारची शरीरे लागतात.

या चकव्याचा पहिला मोठा अनुभव ईल या लांबोड्या, वामेच्या जातकुळीतल्या माशाने दिला. 1856 मध्ये योहान याकोब काउप यांनी पानासारख्या चपट्या, पारदर्शक, इवल्या डोक्याच्या एका समुद्री माशाचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन केले. इटलीतील जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी आणि साल्व्हातोरे कालांद्रुच्चो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेसिनाच्या सामुद्रधुनीतील नमुन्यांवरून दाखवून दिले की हे पान म्हणजे युरोपीय ईलचेच पिल्लू होय. पारदर्शक शरीरात स्नायूंचे इंग्रजी व्ही अक्षरासारखे पट्टे एकामागून एक रचलेले दिसतात आणि त्यांची संख्या मणक्यांच्या संख्येशी जुळते. पिल्लाचे पट्टे मोजले आणि ते प्रौढ ईलच्या मणक्यांशी जमले. हीच मोजणी डॅनिश शास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनी पुढे अटलांटिक महासागरभर वापरली. युरोपीय ईलचे मणके सरासरी 114 ते 115 आणि अमेरिकी ईलचे सरासरी 107 असतात, एवढ्या फरकावर त्यांनी एकाच जाळ्यात आलेली दोन्ही जातींची पिल्ले वेगळी केली आणि सर्वांत लहान पिल्ले जिथे मिळतात तो सारगॅसो समुद्र हे त्यांचे जन्मस्थान ठरवले. सगळे रूप बदलले तरी एक आकडा बदलत नाही, हा शारीराचा मोठा आधार या प्रकरणात सिद्ध झाला.

दुसरा अनुभव अँगलरफिश या, डोक्यावर आमिषाची काठी बाळगणाऱ्या माशांचा. आइसलँडचे मत्स्यशास्त्रज्ञ ब्यार्नी सायमुंडसोन यांनी 1922 मध्ये एका मोठ्या मादीच्या पोटाला तोंडाने चिकटलेले दोन छोटे मासे नोंदवले आणि ती तिची पिल्ले असावीत असे मानले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील चार्ल्स टेट रीगन यांनी 1925 मध्ये तशाच एका चिकटलेल्या छोट्या माशाचे विच्छेदन केले आणि तो त्याच जातीचा पूर्ण वाढलेला नर असल्याचे, त्याचे ऊतक मादीच्या ऊतकाशी एकजीव झाल्याचे दाखवले. त्याआधी मोकळे पोहणारे असेच छोटे, आमिषाविना असलेले मासे स्वतंत्र कुळात टाकले गेले होते. ते अँगलरफिशांचे अजून मादीला न भेटलेले नर होत, हे अल्बर्ट पार यांनी 1930 मध्ये मांडले आणि ते कूळच रद्द झाले. नाव दिलेले कूळ म्हणजे प्रत्यक्षात दुसऱ्याच कुळातील एक लिंग किंवा एक वय असू शकते, हा धडा म्हणजे 1930 पासून मत्स्यशास्त्रासमोर उघड होता. तरीही पुढच्या चार दशकांत आणखी दोन कुळे अशाच पद्धतीने जन्माला आली आणि त्यांचा खरा ठाव लागायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

या उलगड्यातील तीन कुळांपैकी सर्वांत जुने कूळ व्हेलफिशांचे. जॉर्ज ब्राउन गूड आणि टार्लटन बीन या अमेरिकी अभ्यासकांनी 1895 मध्ये त्याची स्थापना केली. प्रचंड तोंड आणि पोटाकडे गोलाई असलेल्या शरीरामुळे त्यांना देवमाशाचे नाव मिळाले, परंतु आकार मात्र फार तर 40 सेंटिमीटरच्या आसपास. या माशाचे शरीर जवळून पाहण्यासारखे आहे. कातडी सैल आणि खवल्यांविना. डोळे इतके लहान की प्रतिमा पाहण्याऐवजी केवळ उजेडाची चाहूल त्यांना लागत असावी. पोटाकडील जोडीचे पर, म्हणजे श्रोणिपर, अजिबात नाहीत. पाठीवरचा पर आणि गुदद्वारामागचा पर दोन्ही शेपटीजवळ, एकमेकांच्या बरोबर वरखाली. बहुतेक माशांत तरंगण्यास मदत करणारी हवेची पिशवी, म्हणजे वाताशय, प्रौढ व्हेलफिशांत नसते. जबडे लांब आणि आडवे, आणि कल्ल्यांच्या कमानींवर दातांच्या पट्ट्या, त्यामुळे एकदा तोंडात शिरलेले भक्ष्य सुटत नाही. पार्श्वरेखेची नळी मात्र या शरीरात सर्वांत जास्त जागा व्यापते : डोक्यावरून कुशीपर्यंत जाणाऱ्या रुंद नळीला मोठमोठी छिद्रे असतात आणि त्यांतून आत शिरणाऱ्या पाण्याच्या थरथरीवरून हा मासा काळोखात भक्ष्याचा माग काढतो. ताज्या नमुन्याचा रंग केशरी ते लाल असतो. लाल रंगाचा प्रकाश खोल पाण्यात पोहोचतच नसल्यामुळे तिथे हा रंग काळ्यासारखाच अदृश्य ठरतो.

ऑस्ट्रेलियन म्युझियमचे जॉन पॅक्सटन यांनी जगभरच्या संग्रहालयांतील व्हेलफिश एकत्र तपासून 1989 मध्ये या कुळाचा फेरआढावा प्रसिद्ध केला आणि त्यात चार नव्या प्रजाती मांडल्या. या कामातून एक विचित्र वस्तुस्थिती ठळक झाली, ती म्हणजे ज्यांचे लिंग ठरवता आले ते सगळे नमुने माद्या होत्या. पुढे नमुन्यांची संख्या सहाशेच्या वर गेली, 9 प्रजाती आणि 20 जाती नोंदल्या गेल्या, तरी त्यात एकही नर आला नाही. शिवाय अगदी लहान पिल्लेही कुणाला मिळाली नव्हती.

दुसरे कूळ एरिक बर्टेलसेन आणि नॉर्मन मार्शल यांनी 1956 मध्ये स्थापन केले. अझोर बेटांच्या उत्तरेला 1911 मध्ये पृष्ठभागाजवळ मिळालेला साडेपाच सेंटिमीटरचा एक मासा त्यांनी या कुळाचा मुख्य प्रतिनिधी धरला. त्याच्या अंगावर केसांसारख्या बारीक वाढी असल्यामुळे बायबलमधील केसाळ एसाव याचे नाव त्याला दिले गेले. त्याच कुळात टेपटेल म्हणून ओळखले जाणारे मासे आले, ज्यांच्या शेपटीतून शरीराच्या कित्येक पट लांब, फितीसारखा पातळ पट्टा निघतो. या माशांचे तोंड लहान आणि वर वळलेले, श्रोणिपर मोठे आणि घशाजवळ बसवलेले, पोट कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांनी ठासून भरलेले. सुमारे 120 नमुने जमले आणि त्यांत जननेंद्रिये पक्व झालेला एकही निघाला नाही. सगळे बहुतांशी वरच्या 200 मीटरांतून आलेले.

तिसरे कूळ जॉर्ज मायर्स आणि वॉरन फ्रायहोफर यांनी 1966 मध्ये मांडले. हे सहा-सात सेंटिमीटरांपेक्षा मोठे न होणारे, सडपातळ मासे. त्यांच्या डोक्याचा पुढचा भाग जवळजवळ सगळा घ्राणेंद्रियाने व्यापलेला, म्हणून त्यांना बिगनोज, म्हणजे मोठ्या नाकाचे मासे, म्हणतात. श्रोणिपर नाहीत, वरचा जबडा हलत नाही, आणि पोटात अन्न नाही. 65 नमुने उपलब्ध झाले, ते प्रामुख्याने 1000 मीटरच्या खालचे, आणि ते सगळे नर होते.

एका कुळात केवळ माद्या, दुसऱ्यात केवळ अपक्व पिल्ले, तिसऱ्यात केवळ नर : आज ही मांडणी शेजारी शेजारी ठेवली की उत्तर समोर दिसते. पण ही माहिती वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या देशांतील संग्रहालयांत, एकेका नमुन्याने साचत गेली होती आणि लिंग ठरवण्यासाठी मासा उघडावा लागत असल्यामुळे अनेक नमुने कधी उघडलेच गेले नव्हते. शिवाय शंका आलीच नव्हती असेही नाही. 1965 मध्ये श्रोणिपरातून झाडासारख्या फांद्या फुटलेला एक चिमुकला मासा स्वतंत्र कूळ म्हणून वर्णिला गेला होता; डोनाल्ड दि सिल्व्हा आणि विल्यम एशमायर यांनी 1977 मध्ये तो आधीच माहीत असलेल्या एका खोल समुद्रातील माशाचे पिल्लू असल्याचे सिद्ध केले आणि त्याच विचाराने टेपटेल हीदेखील व्हेलफिशांची पिल्ले असू शकतील, अशी शक्यता व्यक्त झाली. पॅक्सटन आणि जॉन्सन यांना ती पटली नाही. त्यांचा आक्षेप शारीराचा होता आणि त्याला वजन होते : घशाजवळचे मोठे श्रोणिपर पूर्ण नाहीसे व्हावेत, वर वळलेले इवले तोंड आडव्या, अवाढव्य जबड्यात बदलावे, आणि मधल्या अवस्थेचा एकही नमुना कुणाला मिळू नये, हे मान्य करायला कोणता अभ्यासक सहज तयार होईल? मधली कडी नसताना दोन टोके जोडणे हे शास्त्र नव्हे, ही त्यांची भूमिका त्या वेळी योग्यच होती.

वेगळा पुरावा जपानमधून आला. चिबा येथील नॅचरल हिस्टरी म्युझियममधील मासाकी मिया आणि सहकारी माशांच्या मायटोकाँड्रियल जनुकसंचाचा, म्हणजे पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकात असलेल्या आणि केवळ आईकडून येणाऱ्या डीएनएचा, तौलनिक अभ्यास करत होते. सुमारे 16,500 अक्षरांच्या या संचात 2003 च्या सुमारास एक टेपटेल आणि एक व्हेलफिश यांच्यातील फरक इतका नगण्य आढळला की त्यांना दोन कुळे म्हणणे तर दूरच, दोन जाती म्हणणेही कठीण होते. कोणत्याही एका प्रयोगशाळेतील एका नमुन्याच्या निष्कर्षाबाबत अदलाबदलीची शंका घेता येते. त्यामुळे प्रश्न मिटला नाही, उलट तो टोकदार झाला. डीएनए एक सांगत असेल आणि हाडे दुसरेच, तर कुठेतरी एक शरीर असे असले पाहिजे की ज्यात दोन्ही रूपे एकाच वेळी दिसतील.

तशी शरीरे मेक्सिकोच्या आखातात मिळाली. व्हर्जिनियातील सागरी संशोधन संस्थेचे ट्रेसी सटन यांनी तिथल्या मोहिमेतून आणलेल्या ताज्या नमुन्यांत आणि जुन्या संग्रहांतून नव्याने शोधलेल्या नमुन्यांत रूपांतर चालू असतानाच पकडले गेलेले मासे निघाले. जॉन्सन यांनी त्यांचा सांगाडा तपासला. मादी होऊ घातलेल्या नमुन्यात टेपटेलचे लहान तोंड मागे पसरत चालले होते, जबड्याची हाडे लांबत होती, कल्ल्यांच्या कमानी मोठे भक्ष्य पकडण्याजोग्या घडत होत्या. नर होऊ घातलेल्या नमुन्यात नाकाचे खळगे फुगत होते आणि जबडे आखडत होते. पण पोट मात्र अजून कोपेपॉडांनी गच्च भरलेले होते, म्हणजे पिल्लाच्या काळातील शेवटचे जेवण त्याच्याबरोबर प्रौढावस्थेत चालले होते. पूर्ण वाढलेल्या नरात अन्ननलिका आणि जठर दोन्ही नाहीशी होतात. त्यांच्या जागी उरते ते एक प्रचंड यकृत. पिल्लूपणी खाल्लेल्या कोपेपॉडांची ऊर्जा त्यात साठवलेली असते आणि त्या शिदोरीवरच तो नर, पुन्हा काही न खाता, उरलेले आयुष्य मादीच्या गंधाचा माग काढण्यात घालवत असावा, असा निष्कर्ष या अभ्यासकांनी काढला. अवाढव्य नाकाचे प्रयोजन त्यातून स्पष्ट होते, आणि बिगनोजांच्या पोटात कधी अन्न का मिळाले नाही, हेही.

पॅक्सटन आणि जॉन्सन यांनी आपला जुना आक्षेप मागे घेतला, तोही शारीराच्याच पुराव्यावर. जॉन्सन, पॅक्सटन, सटन, मिया, मुत्सुमी निशिदा, ताकाशी सातो आणि तेत्सुया सादो यांनी 2009 मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात सांगाडा आणि जनुकसंच या दोन्ही पुराव्यांसह सिद्ध केले की तिन्ही कुळे एकाच कुळाची पिल्ले, नर आणि माद्या आहेत. नामकरणाच्या नियमांप्रमाणे सर्वांत जुने नाव टिकते, म्हणून व्हेलफिशांचे 1895 मधील नाव राहिले आणि बाकीची दोन कुळे वर्गीकरणातून गेली. वाढीतील रूपांतर आणि नर-मादींतील फरक या दोन्ही बाबतींत पृष्ठवंशी प्राण्यांतील हे सर्वांत टोकाचे उदाहरण होय, असा त्यांचा दावा आहे.

या प्रकरणावरून शारीर मागे पडले आणि डीएनए जिंकला, असा अर्थ काढला जातो तो चुकीचा आहे. डीएनएने दोन नमुने एकच असल्याचे सांगितले; पण एक शरीर दुसरे कसे होते, श्रोणिपर केव्हा जातात, जठर केव्हा विरघळते, यकृत कशासाठी वाढते, याचे उत्तर अक्षरांच्या क्रमात नव्हते, ते मधल्या अवस्थेच्या हाडांत होते. याहून महत्त्वाची अडचण व्यावहारिक आहे. संग्रहालयांतील बहुतेक जुने मासे फॉर्मॅलिनमध्ये मुरवलेले आहेत. फॉर्मॅलिन शरीराचा आकार उत्तम टिकवते, पण डीएनएची तोडमोड करते. केसाळ एसावचा 1911 मधील नमुना असो किंवा ‘इन्व्हेस्टिगेटर’वर मिळालेले मासे असोत, त्यांच्याशी संवाद साधण्याची मुख्य भाषा आजही हाडांचीच आहे. मादी व्हेलफिशांच्या ज्या जाती माहीत आहेत, त्यांपैकी अनेकींचा नर कोणता आणि पिल्लू कोणते, हे अजून ठरायचे आहे, आणि ते काम जुन्या बाटल्या उघडून अर मोजणाऱ्या माणसांशिवाय होणार नाही. जिवंत व्हेलफिशाचे दर्शन तर इतके दुर्मीळ आहे की कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागरासमोर 2021 च्या ऑगस्टमध्ये, 2013 मीटर खोलीवर, दूरनियंत्रित यानाच्या कॅमेऱ्यासमोरून एक केशरी मादी पोहत गेली तेव्हा ती जगभर बातमी झाली.

भारताच्या दृष्टीने हा विषय परका नाही. मध्य हिंदी महासागरातील 75,000 चौरस किलोमीटर तळावर धातूयुक्त गोटे शोधण्याचे हक्क भारताकडे आहेत आणि 2021 मध्ये केंद्र सरकारने खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली आहे. तळ ढवळला जाण्यापूर्वी तिथे आणि त्यावरच्या पाण्यात कोण राहते हे माहीत असायला हवे, आणि ते सांगणारा वर्गीकरणतज्ज्ञ एखाद्या यंत्रासारखा आयात करता येत नाही. तो दहा-पंधरा वर्षे नमुने हाताळून घडतो. कोचीच्या सागरी सजीव संपदा आणि परिसंस्था केंद्राने ‘सागर संपदा’ या जहाजावरील मोहिमांतून खोल पाण्यातील जीवांचा ‘भवसागर’ हा संग्रह उभा केला आहे, ही मोठी जमेची बाजू होय. पण विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांत माशाचा सांगाडा रंगवून वाचण्याचे शिक्षण आक्रसत चालले आहे आणि जनुकक्रमाची यंत्रे घेण्यासाठी मिळणारा पैसा संग्रहालयातील बाटल्यांत अल्कोहोल भरत राहण्यासाठी मिळत नाही, ही स्थिती बदलायला हवी. ज्या 2009 च्या शोधनिबंधाचे आज कौतुक होते, त्याचा अर्धा पुरावा अशाच बाटल्यांतून आला होता.

केरळातील कोल्लमच्या परिसरात खोल पाण्यातील कोळंबीसाठी जाणाऱ्या बोटींच्या जाळ्यांत अनोळखी मासे येतात, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या इतर बंदरांतही क्वचित अशी आवक होते. मासेमार, मत्स्यव्यवसायाचे विद्यार्थी आणि किनाऱ्यावरील महाविद्यालयांतील प्राध्यापक यांनी असा मासा मिळाल्यास तीन गोष्टी या क्रमानेच कराव्यात : रंग उडण्यापूर्वी मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे, उजव्या कुशीतून तांदळाच्या दाण्याएवढा मांसाचा तुकडा कापून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावा, कारण मोजणीसाठी डावी बाजू अखंड लागते, आणि त्यानंतरच मासा फॉर्मॅलिनमध्ये घालून त्याबरोबर ठिकाण, खोली आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. साधी शाई फॉर्मॅलिनमध्ये विरते.